किल्ल्या ज्याच्या हातात, पत्र त्याच्या नावावर: ओहायोतल्या प्रोबेट घरांसाठी नवख्यांची वाटचाल

क्लीव्हलँडच्या आसपास रिअल इस्टेटमध्ये उतरणारे आपले लोक बहुधा एकाच रस्त्याने येतात. नोकरी आयटीतली नाहीतर हॉस्पिटलमधली, गाठीला थोडी शिल्लक, आणि मुलं झोपल्यावर झिलो या घरविक्रीच्या साइटवर घरं चाळत बसायची सवय. पण झिलोवर तुम्हाला दिसलेलं घर त्याच रात्री आणखी शंभर जणांना दिसलेलं असतं. मग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कोणीतरी हळूच सांगतं, "अरे, प्रोबेटची पत्रं टाकून बघ." म्हणजे, मृताच्या घराचा कारभार ज्याच्याकडे आलाय त्याला थेट पत्र लिहून ते घर विकत मागायचं. मीही असाच लागलो. पहिल्या वर्षी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या करून घेतल्या. हा लेख त्या चुकांमधून तयार झालाय. उदाहरणं कायाहोगा काउंटीची (क्लीव्हलँडच्या जिल्ह्याची) आहेत, कारण मला तीच ठाऊक आहे. राज्य बदललं की नियम बदलतात. मी वकील नाही. पहिल्या सौद्याआधी स्थानिक प्रोबेट वकिलाला तासाभराची फी द्या, ती वाया जात नाही.

प्रोबेट म्हणजे नेमकं काय

मुंबईत फ्लॅट असलेल्या घरांत हा शब्द जुना आहे, मृत्युपत्र हायकोर्टातून सिद्ध करून घेण्याचा. बाकी महाराष्ट्रात आपली सवय म्हणजे तलाठ्याकडे वारसनोंद, फेरफार आणि मग सातबाऱ्यावर पाच भावंडांची नावं एकाखाली एक. इथे तसं होत नाही. माणूस गेला आणि घर त्याच्या एकट्याच्या नावावर असलं, तर काउंटीच्या प्रोबेट कोर्टात त्याची 'एस्टेट' उघडते. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेला एक्झिक्युटर, नसेल तर कोर्टाने नेमलेला ॲडमिनिस्ट्रेटर कारभार बघतो. कोर्ट त्याला एक कागद देतं. ओहायोत त्याला 'लेटर्स ऑफ ऑथॉरिटी' म्हणतात. हा कागद मिळेपर्यंत मोठा मुलगा असो की लाडकी मुलगी, एस्टेटच्या वतीने घर विकायचा अधिकार कोणालाच नसतो.

सगळी घरं या वाटेने जात नाहीत. नवराबायकोच्या नावावर सर्व्हायव्हरशिप डीड (तशा अटीचं खरेदीखत) असेल तर घर सरळ मागे राहिलेल्याचं होतं. ओहायोत 'ट्रान्सफर ऑन डेथ' नावाचं प्रतिज्ञापत्र नोंदवून ठेवता येतं, त्यात नाव असलेल्याला घर कोर्टाशिवाय मिळतं. घर ट्रस्टमध्ये असेल तरी तेच. (जाता जाता: तुमचं स्वतःचं घर इथे असेल तर हे प्रतिज्ञापत्र करून टाका. काम एका दुपारचं आहे.)

आता मुळातला प्रश्न. कोणी तुम्हाला बाजारभावापेक्षा कमी दरात घर का देईल? रिअल इस्टेटचे कोर्स विकणारे सांगतात, "वारस मोटिव्हेटेड असतात." हे अर्धवट खरं आहे. बहुतेक एक्झिक्युटर रिअल्टर (घरविक्रीचा एजंट) गाठतात, घर बाजारात टाकतात, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य असतं. तुमचं पत्र त्यांच्यासाठी नाहीच. ते आहे त्या थोड्यांसाठी, ज्यांना घराच्या किमतीपेक्षा घराचा व्याप जड झालाय. मुलगी फीनिक्सला, घर क्लीव्हलँडशेजारच्या पार्मामध्ये, आत चाळीस वर्षांचा संसार. गॅसचं बिल चालू, मालमत्ता कर चालू, गवत वाढलं म्हणून शहराची नोटीस, आणि भाऊ म्हणतोय की आईचा पियानो कोणी हलवायचा नाही. तिला खरेदीदारापेक्षा या सगळ्यातून सुटका हवी असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

पहिली पायरी: यादी स्वतः करा

तयार याद्या विकणाऱ्या कंपन्या आहेत. सुरुवातीला घेऊ नका. तीच यादी तुमच्यासारख्या बाकीच्यांनीही घेतलेली असते आणि त्यातले पत्ते अनेकदा मृताच्या घराचेच असतात. म्हणजे पत्र रिकाम्या घराच्या दाराशी जाऊन पडतं.

कायाहोगाचं प्रोबेट कोर्ट लेकसाइड ॲव्हेन्यूवरच्या जुन्या कोर्टहाउसमध्ये आहे. 1912 साली उघडलेली ही इमारत एकदा तरी बघून या, जिने आणि संगमरवर बघण्यासारखं आहे. पण रोजच्या कामासाठी तिथे जायची गरज नाही, केसचा डॉकेट (दाखल कागदांची नोंद) ऑनलाइन दिसतो. क्लीव्हलँडचं 'डेली लीगल न्यूज' हे कायदेशीर नोटिसांचं वृत्तपत्र आहे, तेही चाळायची सवय ठेवा.

एस्टेटच्या केसमध्ये तुमच्या कामाच्या गोष्टी चार: मृताचं नाव आणि शेवटचा पत्ता, एक्झिक्युटरचं नाव आणि पत्ता, वकिलाचं नाव, आणि नेमणुकीची तारीख. ओहायोच्या प्रोबेट कोर्टांत राज्यभर एकच छापील फॉर्म चालतात. फॉर्म 1.0 मध्ये मागे राहिलेला जोडीदार, मुलं आणि जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्ते असतात. फॉर्म 6.0 म्हणजे इन्व्हेंटरी, मालमत्तेची किमतीसह यादी. ती नेमणुकीपासून तीन महिन्यांत भरायची असते. हे सगळं सार्वजनिक रेकॉर्ड आहे. तरी ते वाचताना आपण कोणाच्या तरी घरातल्या दुःखाचे कागद चाळतोय याचं भान असू द्या. मला पहिले काही आठवडे ते जडच गेलं.

नाव मिळालं की काउंटीच्या फिस्कल ऑफिसच्या 'मायप्लेस' या साइटवर मृताच्या नावाने घर शोधा. मालक कोण, कर थकलाय का, कराचं बिल कुठे जातं, शेवटचं डीड कसलं आहे, हे तिथे आणि रेकॉर्डरच्या (दस्त नोंदणी कचेरीच्या) नोंदींत कळतं. मी साध्या स्प्रेडशीटमध्ये एका घराला एक ओळ देतो. शेवटचा रकाना 'का नाही' असा आहे, आणि सर्वात उपयोगी तोच निघाला.

दुसरी पायरी: कोणाला लिहायचं नाही

समजा महिन्याला शंभर नव्या एस्टेट तुमच्या डोळ्यांखालून गेल्या. त्यातल्या अनेकांत घरच नसतं, नुसतं बँक खातं आणि गाडी. ते गाळा. सर्व्हायव्हरशिप आणि ट्रान्सफर ऑन डेथवालीही गाळा.

मग जोडीदार हयात असलेली घरं बघा. मी त्यांना लिहीत नाही. एक कारण माणुसकीचं आहे, ते समजावून सांगायला नको. दुसरं कायद्याचं: ओहायोत मागे राहिलेल्या जोडीदाराला राहत्या घरात एक वर्ष विनामोबदला राहायचा हक्क आहे, आणि ते घर एस्टेटकडून विकत घ्यायचाही. म्हणजे अशा घराला पत्र टाकणं दोन्ही अर्थांनी चुकीचं.

वारस त्याच घरात राहत असेल तर थांबा. एक्झिक्युटरचा पत्ता आणि घराचा पत्ता एकच असेल, तर बहुधा शेवटपर्यंत आईवडिलांना सांभाळणारं मूल तिथे आहे. त्याला घर सोडावं लागणार की नाही हे त्याच्या भावंडांत ठरायचंय. त्यात तुमच्या पत्राने तेल ओतू नका.

उरतात ती घरं, जिथे किल्ल्या एका जागी आणि घर दुसऱ्या जागी आहे. एक्झिक्युटर दुसऱ्या शहरात नाहीतर दुसऱ्या राज्यात, घर रिकामं, कर थकायला लागलेला. शंभरातून अशी पंधरा-वीस निघाली तरी भरपूर. नवखा माणूस पाचशे पत्रं टाकतो आणि वैतागतो. वीस नीट निवडलेल्या पत्त्यांना सहा वेळा लिहिणारा टिकतो.

तिसरी पायरी: पत्र

पोस्टकार्ड नको, बंद पाकीट. कोणाचे वडील गेले आणि त्यांचं घर कोणी मागतंय, हे पोस्टमनने आणि शेजाऱ्याने वाचायचं कारण नाही. पाकिटावर पत्ता हाताने लिहा, खरं तिकीट लावा. पाकिटावर 'शेवटची सूचना', 'महत्त्वाची कायदेशीर कागदपत्रं' असलं काहीही नको. सरकारी भासणारी पत्रं टाकणारे इथे पुष्कळ आहेत, त्यांच्या रांगेत बसायचं नाही.

फर्स्ट क्लास टपालानेच पाठवा. 2025 च्या जुलैत एका पत्राचं तिकीट 78 सेंटचं झालं. घाऊक मार्केटिंग मेल स्वस्त पडते, पण तिला किमान 200 पत्रं लागतात, आणि पत्ता चुकला तर ती पत्रं सहसा परत येत नाहीत, नाहीशी होतात. फर्स्ट क्लासचं पत्र नव्या पत्त्यावर वळवलं जातं, नाहीतर कारणाचा पिवळा शिक्का घेऊन तुमच्याकडे परत येतं. परत आलेलं पाकीट म्हणजे माहिती. त्या दिवशी यादी दुरुस्त करा.

नावाचं स्पेलिंग तीनदा तपासा. पार्मा आणि स्लाव्हिक व्हिलेजच्या बाजूला पोलिश, युक्रेनियन, स्लोव्हाक आडनावं असतात, व्यंजनांची नुसती माळ. माझं आडनाव इथे रोज कोणीतरी मोडतं, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागतं. आई गेलेल्या माणसाला तिचं आडनाव चुकवून पत्र लिहिलंत तर पुढचा मजकूर सोन्याचा असला तरी उपयोग नाही.

मजकूर सोप्या इंग्रजीत, एका पानाच्या आत. माझ्या पत्राचा आशय मराठीत सांगायचा तर साधारण असा:

"नमस्कार. मी इथेच, अमुक गावात राहतो. काउंटीच्या सार्वजनिक नोंदींवरून कळलं की तमुक रस्त्यावरच्या घराची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. ते घर तुम्ही ठेवणार असाल किंवा रिअल्टरमार्फत विकणार असाल, तर हे पत्र बाजूला ठेवा. पण घर आहे त्या स्थितीत, आतल्या सामानासकट, तुमच्या सोयीच्या तारखेला कोणी घेतलं तर बरं, असं वाटत असेल तर मला फोन करा. तुम्हाला हवं ते घेऊन जा, बाकीचं तसंच राहू द्या, ते मी आवरीन. घाई नाही. पुन्हा पत्र नको असेल तर एवढंच कळवा, मी लिहिणार नाही."

खाली पूर्ण नाव, खरा पत्ता, स्वतः उचलाल असा फोन नंबर.

यातलं "बाकीचं तसंच राहू द्या" हे वाक्य सर्वात जास्त फोन आणतं. इथल्या घरांचं बेसमेंट म्हणजे आपल्या वाड्यातला माळा. तिथे पितळेची भांडी आणि मोडके पाळणे, इथे लोणच्याच्या बरण्या, बोलिंगच्या ट्रॉफ्या, नाताळचे दिवे आणि 1960 पासूनची इन्कम टॅक्सची पाकिटं. ते आवरायला मुलांना तीन-चार वीकएंड विमानाने यावं लागतं. तुम्हाला दोन डंपस्टर (कचऱ्याचे मोठे लोखंडी पेटारे) आणि तीन दिवस लागतात.

सांत्वनाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. अनेक तयार पत्रांत पहिलाच परिच्छेद "तुमच्या दुःखात सहभागी आहोत" असा असतो. ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याच्या दुःखात सहभागी होऊन दुसऱ्या परिच्छेदात घर मागणं मला ओशाळवाणं वाटतं. वाचणाऱ्यालाही वाटतं. मी 'मृत्यू' हा शब्द पत्रात लिहीत नाही. फोनवर माणूस स्वतः बोलला, तर ऐकतो.

पत्रात किंमत लिहू नका. 'कॅश' शब्द ठळक अक्षरांत नको. आणि जे खरं नाही ते नको: तुमच्याकडे पैसे तयार नसतील, कर्ज काढून घेणार असाल, तर तसं सांगता येईल अशीच भाषा वापरा.

चौथी पायरी: कधी आणि किती वेळा

पहिलं पत्र नेमणुकीनंतर तीन-चार आठवड्यांनी. आधी टाकलंत तर तो माणूस अजून डेथ सर्टिफिकेटच्या प्रती गोळा करत असतो. मग दर पाच-सहा आठवड्यांनी एक, एकूण सहा. मजकूर दर वेळी थोडा वेगळा, लहान होत गेलेला.

काळाचं गणित कोर्टाच्या वेळापत्रकावर बसवा. ओहायोत मृताकडून ज्यांचं येणं बाकी आहे त्यांना दावा लावायला मृत्यूपासून सहा महिने मिळतात. तोवर वकील सहसा पैसे वाटून टाकू देत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला कोणालाच घाई नसते. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. मला आलेले चांगले फोन तिसऱ्या-चौथ्या पत्रानंतरचे आहेत. एका बाईंनी पाचही पाकिटं रबरबँड लावून ठेवली होती, आणि फोनवर पहिलं वाक्य होतं, "तुमचं अक्षर आता ओळखीचं झालंय."

क्लीव्हलँडला आणखी एक कॅलेंडर आहे, हिवाळ्याचं. ऑक्टोबरमध्ये रिकाम्या घराच्या मालकाला दोन गोष्टी कळतात: पाइप फुटू नयेत म्हणून हीटिंग चालू ठेवावं लागणार किंवा पाणी काढून घर विंटराइज करावं लागणार, आणि घर तीस किंवा साठ दिवस रिकामं राहिलं की साध्या होमओनर पॉलिसीत बरीच नुकसानभरपाई बंद होते. ऑक्टोबरच्या पत्रात मी हे एका ओळीत लिहितो, घर मला विकलं नाही तरी. "नळ बंद करून घ्या" हा सल्ला फुकट द्यायला काय जातं?

खर्च: समजा महिन्याला 20 नवी नावं, प्रत्येकी सहा पत्रं, म्हणजे 120. तिकीट, पाकीट, कागद, शाई मिळून पत्राला 1.10 डॉलर धरा, 132 डॉलर झाले. शंभर पत्रांमागे दोन-तीन फोन येतील, त्यातला एखादा कामाचा असेल, असं धरून चला. सहा महिने एकही सौदा झाला नाही तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे यात घाला.

पत्र सोडून फोन नंबर शोधून सरसकट मेसेज टाकायचा मोह होईल. टपालाला 'डू नॉट कॉल'ची यादी लागू नाही, पण फोन आणि टेक्स्टचं तसं नाही. टेलिफोन ग्राहक संरक्षणाच्या संघीय कायद्याखाली एकेका नियमबाह्य कॉलला 500 ते 1,500 डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. यंत्राने शंभर टेक्स्ट टाकणाऱ्याने ही रक्कम गुणून बघावी.

पाचवी पायरी: फोन वाजला

पहिले दोन-तीन फोन रागाचे असतील. "माझा पत्ता कुठून मिळाला?" खरं उत्तर द्या: कोर्टाच्या सार्वजनिक नोंदींतून. माफी मागा, नाव काढा, आणि खरोखर काढा. त्यासाठी स्प्रेडशीटमध्ये वेगळी यादी ठेवा आणि दर वेळी पत्रं छापण्याआधी तिच्याशी ताडून बघा. एकदा मी ते विसरलो आणि नको म्हणालेल्या माणसालाच पुन्हा पत्र गेलं. त्याचा दुसरा फोन मी अजून विसरलेलो नाही.

कामाचा फोन असेल तर आधी ऐका. घराबद्दल विचारलं की लोक माणसाबद्दल बोलतात. वडील फोर्डच्या कारखान्यात होते, मागचं गॅरेज त्यांनी स्वतः बांधलं. हे ऐकताना तुम्हाला व्यवहाराचीही माहिती मिळत असते: गॅरेजला परमिट नसणार.

मग हळूहळू विचारा. लेटर्स ऑफ ऑथॉरिटी मिळाली का? वारस किती, आणि विकण्यावर सगळे राजी आहेत का? त्यांत कोणी अल्पवयीन आहे का? कर्ज आहे का, रिव्हर्स मॉर्टगेज (वृद्ध मालकाने घरावर घेतलेलं, त्याच्या मृत्यूनंतर फेडायचं कर्ज) आहे का? वकील कोण? पाणी आणि गॅस चालू आहे का? घरात कोणी राहतंय का? पहिल्या फोनवर आकडा बोलू नका. आग्रह झाला तर म्हणा, "घर न बघता सांगितलेला आकडा मला नंतर खाली आणावा लागेल, आणि ते मला आवडत नाही."

रिव्हर्स मॉर्टगेज असेल तर घड्याळ वेगळं चालतं. सरकारी विम्याच्या रिव्हर्स मॉर्टगेजमध्ये कर्ज देय झाल्याची नोटीस आली की वारसांना काय करणार ते 30 दिवसांत कळवावं लागतं. विकण्यासाठी मुदत सहा महिन्यांपर्यंत, आणि पुढे वाढवून साधारण वर्षापर्यंत मिळू शकते. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते पहिल्या नोटिशीलाच घाबरून घर टाकून देतात. अशा वेळी घर पदरात पाडून घेण्याआधी त्यांना मुदत मागायला सांगा. कधीकधी त्यामुळे सौदा हातचा जातो. जाऊ द्या.

आईवडील नर्सिंग होममध्ये होते का, हेही विचारून ठेवा. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर मेडिकेडने (अल्प उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेने) दीर्घकालीन देखभालीवर केलेला खर्च राज्य एस्टेटमधून वसूल करतं. तो दावा मोठा असेल तर वारसांच्या हातात काहीच उरत नाही, आणि मग घर विकण्यात त्यांना रसही उरत नाही.

सहावी पायरी: किंमत

इथे कोर्सवाल्यांचं सूत्र आणि ओहायोचा कायदा समोरासमोर येतात.

सूत्र असं: दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या 70 टक्के, वजा दुरुस्ती. समजा दुरुस्त झाल्यावर घर 1,80,000 डॉलरला जाईल, दुरुस्ती 45,000. 70 टक्के म्हणजे 1,26,000, वजा दुरुस्ती, म्हणजे तुमची ऑफर 81,000.

आता कायदा. मृत्युपत्रात एक्झिक्युटरला विक्रीचा अधिकार स्पष्ट दिला असेल तर तो विकू शकतो. नसेल, किंवा मृत्युपत्रच नसेल, तर एक वाट अशी की सगळ्या वारसांची लेखी संमती कोर्टात द्यायची. पण या वाटेने विकताना किंमत इन्व्हेंटरीतल्या मूल्याच्या 80 टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही, आणि वारसांत अल्पवयीन असेल तर ही वाट बंदच. मग जमीनविक्रीचा रीतसर दावा, म्हणजे वेळ आणि वकिलाची फी. इन्व्हेंटरीत घराचं मूल्य समजा 1,20,000 लावलंय. 80 टक्के म्हणजे 96,000. तुमचे 81,000 सगळ्या वारसांना मान्य असले तरी या वाटेने चालत नाहीत.

म्हणून फॉर्म 6.0 बघितल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. तिथली किंमत अनेकदा काउंटीने करासाठी लावलेलीच असते. कायाहोगात 2024 साली फेरमूल्यांकन झालं आणि आकडे चांगलेच वर गेले. घराची अवस्था वाईट असेल आणि काउंटीला ती ठाऊक नसेल, तर एक्झिक्युटर स्वतंत्र अप्रेझल (मूल्यांकन) करून घेऊ शकतो. ते त्याने आणि त्याच्या वकिलाने ठरवायचं. "कमी लावून घ्या" असं सांगायला तुम्ही जाऊ नका.

आणि 80 टक्क्यांचा नियम लागू नसला, तरी एक्झिक्युटर हा विश्वस्त आहे. स्वस्तात विकलं म्हणून उद्या त्याची बहीण त्याला कोर्टात उभं करू शकते. तुमची ऑफर त्याला भावंडांसमोर ठेवता आली पाहिजे. मी कागदावर तीन ओळी लिहून देतो: रिअल्टरमार्फत विकल्यास अंदाजे किंमत, त्यातून जाणारा खर्च आणि महिने, आणि माझी ऑफर. पहिला आकडा बहुतेक वेळा माझ्यापेक्षा मोठा असतो. तो लपवत नाही. फरक फार मोठा असेल तर मीच म्हणतो, रिअल्टर बघा. मित्र म्हणतात मी धंदा करायला बसलोय की समाजसेवा. पण अशा दोन घरांच्या वकिलांनी नंतर स्वतःहून फोन केले, आणि तसल्या फोनला तिकीट लागत नाही.

एक गोष्ट एक्झिक्युटरला सांगितली की त्याचा चेहरा उजळतो. वारसाने मिळालेल्या घराची करासाठीची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाला आणली जाते. वडिलांनी 1974 साली 32,000 ला घेतलेलं घर त्यांच्या मृत्यूच्या वेळी 1,50,000 चं होतं आणि 1,52,000 ला विकलं, तर भांडवली नफा 2,000 च्या आसपास धरला जातो, 1,20,000 नाही. ओहायोचा स्वतःचा इस्टेट टॅक्सही 2013 पासून रद्द आहे. "तुमच्या सीपीएला (कर सल्लागाराला) विचारून घ्या" असं मात्र जोडा.

दुरुस्तीचा अंदाज बांधताना इथल्या घरांचे जुने आजार बघा: मातीच्या नळांची सीवर लाइन (कॅमेरा घालून बघितल्याशिवाय घेऊ नका), जुनं नॉब अँड ट्यूब वायरिंग, 1978 पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग. शेकर हाइट्स, क्लीव्हलँड हाइट्ससारख्या उपनगरांत विक्रीआधी शहराची तपासणी लागते, आणि निघालेल्या त्रुटींची यादी तुमच्या गळ्यात येऊ शकते. माझ्या दुसऱ्या घरात ती यादी चार पानांची निघाली.

सातवी पायरी: करार ते किल्ली

करारावर विक्रेता म्हणून व्यक्तीचं नाही, 'अमुक यांच्या एस्टेटचे एक्झिक्युटर' असं नाव हवं, केस नंबरासह. लेटर्स ऑफ ऑथॉरिटीची प्रत जोडा. नेमणूक व्हायच्या आधी कोणाची सही घेऊ नका, ती घेऊन उपयोग नसतो. कराराची प्रत त्यांच्या वकिलाला तुम्हीच पाठवा. वकिलाला बाजूला ठेवून केलेला सौदा बहुधा वकिलाच्याच टेबलावर मरतो.

एस्टेट न उघडता वारसच थेट विकत असतील तर टायटल कंपनीला (मालकी हक्क तपासून व्यवहार पुरा करणाऱ्या कंपनीला) आधी विचारा. ओहायो हे अजून 'डावर' हक्क (नवऱ्याच्या किंवा बायकोच्या स्थावर मालमत्तेत जोडीदाराचा वाटा) पाळणाऱ्या मोजक्या राज्यांपैकी आहे. विकणाऱ्या विवाहित वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. घटस्फोट रखडलेल्या जावयाची सही मिळवायला मला सात आठवडे लागलेत.

करार करून तो दुसऱ्याला विकायचा, म्हणजे होलसेलिंग, हे भांडवल नसलेल्यांना पहिल्यांदा शिकवलं जातं. इलिनॉयने 2019 पासून आणि पेनसिल्व्हेनियाने 2025 पासून त्याला लायसन्सच्या चौकटीत आणलंय. बाकी राज्यांतही वारं त्याच दिशेचं आहे. ते करणार असाल तर आधी वकील. आणि एक्झिक्युटरला पहिल्याच भेटीत सांगा की घर तुम्ही ठेवणार नाही.

आपल्या लोकांच्या एस्टेटमध्ये एक गाठ हमखास येते: वारस पुण्यात किंवा नाशिकमध्ये. विकणारा अमेरिकेच्या कराच्या दृष्टीने परदेशी असेल तर फर्प्टा नावाच्या कायद्याखाली खरेदीदाराला विक्रीच्या रकमेतून साधारणपणे 15 टक्के कापून आयआरएसकडे (संघीय कर खात्याकडे) भरावे लागतात. नाही कापले तर जबाबदारी तुमच्यावर येते. स्वतः राहण्यासाठी 3,00,000 डॉलरच्या आतलं घर घेणाऱ्याला सूट आहे, गुंतवणूकदाराला ती मिळत नाही. तिकडच्या सहीसाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी, नाहीतर भारतातली नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण). दोन्हीला वेळ लागतो, म्हणून कराराच्या दिवशीच हे काम सुरू करा.

क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराच्या शेवटच्या सह्या, टायटल कंपनीत. टायटल इन्शुरन्स (मालकीच्या वादाविरुद्धचा विमा) घ्याच, प्रोबेटच्या घरात तर नक्की. ओहायोत मालमत्ता कर मागाहून भरला जातो, त्यामुळे विक्रेत्याच्या काळातल्या कराचं क्रेडिट तुमच्या हिशेबात आलंय का, ते सहीच्या आधी बघा. रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी त्याच दिवसापासून लागू करून ठेवा. आणि लॉकस्मिथला त्याच दुपारचं बोलावून ठेवा, कारण टेबलावरून तुमच्याकडे सरकवलेल्या जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्या कशाच्या आहेत, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.